पासे सँप्लचा तक्ता: प्रकल्प नोंदी

8 जून 2024, शनिवार

आज वाचनगटात एका वाक्यावर गाडी अडली आणि त्यातूनच हे काम सुरू झालं. आम्ही पाचजण दर शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे जमून फ्रेंच कथा मुळातून वाचतो. सध्या मोपासाँ चालू आहे. आज वाचायची पाळी माझी होती. दोन माणसं टेबलाशी बोलत बसलेली, आणि मग वाक्य आलं: ‘इल स त्यूर’. मला ‘त्युए’ हे क्रियापद ठाऊक, म्हणजे ठार मारणं. मी अर्थ सांगून टाकला की दोघांनी जीव दिला. पुढच्याच ओळीत तेच दोघे जेवायला बसले होते.

शब्दकोशात पाऊण तास गेला. ते रूप ‘तॅर’चं निघालं, म्हणजे गप्प राहणं. ‘ते गप्प झाले’, एवढंच. जीव दिला असता तर ‘इल स त्युएर’ असतं. मधल्या एका स्वराने दोन माणसं वाचली.

अकरा वर्षं मी फ्रेंचमधून मराठी-इंग्रजीत भाषांतरं करते. पंपांची माहितीपत्रकं, यंत्रांच्या देखभालीच्या सूचना, कंत्राटं. त्यात पासे सँप्ल, म्हणजे फ्रेंचचा साधा भूतकाळ, औषधालाही सापडत नाही. बोलण्यातही तो नाही. बाजारातून आलेला फ्रेंच माणूस ‘मी गेलो होतो, हे आणलं’ असं सगळं पासे कोंपोझेमध्ये सांगतो, म्हणजे सहायक क्रियापद आणि भूतकाळी कृदंत जोडून. शिकवणीत हा काळ अगदी शेवटी येतो आणि एका पानात उरकला जातो. पण कथा, कादंबरी, इतिहास किंवा परीकथा उघडली, की दर ओळीला तोच समोर.

तर ठरलं. गटासाठी एक तक्ता करायचा. मराठीतून, देवनागरी उच्चारांसह, पुस्तकात खुणेसाठी ठेवता येईल एवढा.

11 जून

पहिला आराखडा व्याकरणाच्या पुस्तकांप्रमाणे केला. डावीकडे मूळ क्रियापद, उजवीकडे सहा रूपं. ज्यांचं मूळ रूप ई-आरने संपतं त्यांची चाल सरळ आहे. ‘पार्ले’ म्हणजे बोलणं: झ पार्ले, त्यू पार्ला, इल पार्ला, नू पार्लाम, वू पार्लात, इल पार्लॅर. ‘आले’ म्हणजे जाणं, हे वर्तमानकाळात इतकं वाकडं चालणारं क्रियापद, पण इथे तेही याच रांगेत मुकाट उभं राहतं. ‘फिनीर’ म्हणजे संपवणं: फिनी, फिनी, फिनी, फिनीम, फिनीत, फिनीर. ‘एत्र’ म्हणजे असणं: फ्यू, फ्यू, फ्यू, फ्यूम, फ्यूत, फ्यूर.

उच्चाराची टीप तक्त्याच्या माथ्यावर द्यायची: ‘यू’ लिहिलंय तिथे जीभ ‘ई’ची ठेवायची आणि ओठ ‘ऊ’चे करायचे. ‘र’ घशातून. शेवटचे एस, टी आणि अनेकवचनातलं ई-एन-टी लिहायचं, म्हणायचं नाही.

चाळीस क्रियापदं भरली. दोनशे चाळीस चौकटी.

15 जून, शनिवार

तक्ता गटासमोर ठेवला. चालला नाही.

कारण लगेच दिसलं. पुस्तकात ‘प्री’ येतं. वाचणाऱ्याला ते ‘प्रांद्र’चं, म्हणजे घेण्याचं, आहे हे माहीत असतं तर तक्ता लागलाच नसता. माझा तक्ता मुळाकडून रूपाकडे जात होता. वाचणारा उलट्या दिशेने येतो: हातात रूप असतं, शोधायचं असतं मूळ. व्याकरणाची पुस्तकं लिहिणाऱ्यासाठी असतात. आम्हाला लिहायचं नाही, वाचायचं आहे.

दुसरी गोष्ट, सहा रूपांचा सोस. वाचून झालेल्या पानांवर पेन्सिलीने खुणा करत गेले. जवळपास सगळी रूपं ‘तो, ती, ते’ची. जिथे कथा सांगणारा स्वतः ‘मी’ आहे तिथे ‘मी’ची. ‘आम्ही’ची फार थोडी, ‘तू’चं एकही नाही. ते रास्तच आहे. समोरच्या माणसाला ‘तू’ म्हणून आपण जे बोलतो ते संभाषण, आणि संभाषणातून हा काळ केव्हाच उठून गेला. एमील बेन्व्हेनिस्त या भाषाशास्त्रज्ञाने 1959 साली हेच मांडलं होतं: फ्रेंचमध्ये भूतकाळाच्या दोन व्यवस्था आहेत, एक निवेदनाची आणि एक बोलणाऱ्याची, आणि पासे सँप्ल पहिलीत बसतो. ते मी पूर्वी वाचलं होतं, पटलं आज, पेन्सिल हातात असताना.

नवा आराखडा असा: फक्त तृतीय पुरुष, एकवचन आणि अनेकवचन. मांडणी शेवटच्या आवाजावरून. चार घरं: आ, ई, यू, अँ. त्यातल्या प्रत्येकाचं अनेकवचन ‘र’ने संपणारं: ॲर, ईर, यूर, अँर. एवढ्यात सगळी फ्रेंच क्रियापदं मावतात. पाचवं घर नाही.

दोनशे चाळीस चौकटी फाडून टाकल्या.

19 जून

‘आ’चं घर. सगळ्यात मोठं आणि सगळ्यात सोपं, पण मराठी कानाला इथेच चकवा आहे.

‘इल आला’. ऐकल्याबरोबर मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर कोणीतरी दारातून आत येतं. फ्रेंचमध्ये तो बाहेर पडलेला असतो. ‘इल आला’ म्हणजे ‘तो गेला’. ‘इल मेला’ म्हणजे ‘त्याने मिसळलं’. ‘इल आपला’ म्हणजे ‘त्याने हाक मारली’. गटातल्या मुलीने, ती आमच्यात सगळ्यात लहान, ही तीन वाक्यं वहीत एकाखाली एक लिहिली आणि पुन्हापुन्हा मोठ्याने म्हणत राहिली, तोंडात बसेपर्यंत.

हा योगायोग आहे, पण तो कामाला लावता येतो. ‘ला’ ऐकला की मराठी कान आपोआप ‘घडून गेलं’ असं समजतो. निम्मं काम झालंच. फक्त एक फरक मनावर बिंबवायचा. आपला ‘गेला’ मुळात कृदंत आहे, म्हणून त्याला लिंग आहे: गेला, गेली, गेलं. आणि कर्म असलं तर आपलं क्रियापद कर्माकडे वळतं: त्याने भाकरी खाल्ली, त्याने आंबा खाल्ला. पासे सँप्लला यातलं काही ठाऊक नाही. ‘एल आला’ म्हणजे ‘ती गेली’, रूप तेच. कर्म काहीही असो, त्याचं लक्ष फक्त कर्त्याकडे. शिवाय सहायक क्रियापदाची निवड नाही, कृदंताची जुळवणूक नाही. रोजच्या पासे कोंपोझेमध्ये ज्या दोन गोष्टींवर आमच्या सगळ्यांच्या चुका होतात, त्या इथे नाहीतच. हा काळ अवघड आहे अशी जी धास्ती घातली जाते ती मला अन्यायाची वाटते.

लिहिण्यापुरती एक बाब: ‘मांझा’, म्हणजे खाल्लं, यात जीनंतर एक न उच्चारायचा ई घालतात, नाहीतर पुढच्या ए मुळे जीचा ‘ग’ होईल. अनेकवचनात ‘मांझॅर’ला तो लागत नाही, कारण तिथे जीपुढे ई आहेच.

24 जून

‘यू’चं घर. खरी गर्दी इथे. रोजच्या वापरातली, झिजून गुळगुळीत झालेली क्रियापदं सगळी इथे येऊन राहिली आहेत, आणि झिजता झिजता त्यांचं एकच अक्षर उरलंय.

ल्यू, वाचलं. ब्यू, प्यालं. स्यू, कळलं. प्यू, जमलं. द्यू, करावं लागलं. क्र्यू, वाटलं किंवा विश्वास ठेवला. त्यू, गप्प झाला. फ्यू, होता किंवा झाला. आणि ‘आव्वार’चं, म्हणजे जवळ असण्याचं, नुसतं ‘यू’. ते लिहिताना ई-यू-टी अशी तीन अक्षरं, उच्चार एका स्वराचा. पहिल्यांदा पाहणारा हमखास ‘अ’ म्हणतो.

या एकाक्षरी रूपांना शब्दकोश मदत करत नाही. म्हणून दुसरा दुवा शोधला: भूतकाळी कृदंत, जे आम्हाला बोलण्यातून पाठ आहे. कृदंत ‘यू’ने संपत असेल तर रूप बहुधा ‘यू’च्या घरात सापडतं. ‘झे ल्यू’, मी वाचलंय, हे येतं ना? मग ‘इल ल्यू’ ओळखता येईल. वूल्यू, रस्यू, कॉन्यू, कूर्यू, वेक्यू सगळे असेच. कृदंत ‘ई’ने संपत असेल तर ‘ई’च्या घरात जा: फिनी, पार्ती, दॉर्मी, प्री, मी, दी.

या दुव्याला जी खिंडारं आहेत ती वेगळ्या शाईत लिहिली. ‘व्ह्यू’, पाहिलेलं, पण रूप ‘व्ही’. ‘वांद्यू’, विकलेलं, पण रूप ‘वांदी’; हरवणं, उत्तर देणं, वाट पाहणं, उतरणं, मारणं या क्रियापदांचंही असंच. ‘मॉर’, मेलेला, पण रूप ‘मूर्यू’. ‘ने’, जन्मलेला, पण रूप ‘नाकी’. हे ‘नाकी’ चरित्रांच्या पहिल्याच ओळीत भेटतं, म्हणून ते ठळक. ‘फॅ’, केलेलं, रूप ‘फी’. ‘एक्री’, लिहिलेलं, रूप ‘एक्रीवी’. मधला ‘व’ लपलेला होता तो इथे वर येतो. तसंच ‘कोंद्वी’चं ‘कोंद्वीझी’, नेलं.

हे जुनं घराणं आहे. लॅटिनच्या ‘फुई’मधून ‘फ्यू’ आलं, ‘वीदी’मधून ‘व्ही’. सीझरच्या तीन शब्दांच्या वाक्यात, आलो, पाहिलं, जिंकलं, त्यातलं ‘पाहिलं’ ते हेच. पासे सँप्ल म्हणजे लॅटिनच्या पूर्ण भूतकाळाचा थेट वंशज, आणि पासे कोंपोझे नंतर जोडकाम करून उभा केलेला. हे कळल्यापासून मला या वाकड्या रूपांची चीड येत नाही.

29 जून, शनिवार

आज काकांनी जे सांगितलं ते नोंदवून ठेवायलाच हवं. काका निवृत्त संस्कृत शिक्षक आहेत. फ्रेंच त्यांनी साठीनंतर सुरू केलं.

मी गटाला 1660 सालच्या पोर-रोयालच्या व्याकरणातला नियम सांगत होते. आर्नो आणि लांस्लो या दोघांचं ते व्याकरण. तेव्हा दोन्ही भूतकाळ बोलण्यात होते आणि त्यांची वाटणी अशी होती: पासे सँप्ल आजच्या दिवसाबाहेरच्या गोष्टीला. ‘काल मी लिहिलं’ इथे ‘एक्रीवी’ चालेल, ‘आज सकाळी मी लिहिलं’ इथे चालणार नाही. चोवीस तासांचा नियम म्हणून तो प्रसिद्ध आहे.

काका ताठ बसले आणि म्हणाले, “अहो ताई, हा तर लङ्! अनद्यतने लङ्!” पाणिनीच्या अष्टाध्यायीतलं सूत्र: जे आजचं नाही, त्या भूतकाळाला लङ्. त्याच्या पुढे थोड्याच सूत्रांवर ‘परोक्षे लिट्’: जे डोळ्यांदेखत घडलं नाही त्याला लिट्. काकांनी फळ्यावर तिन्ही लकार, म्हणजे संस्कृतचे तीन भूतकाळ, काढले, लुङ्, लङ्, लिट्, आणि ‘बभूव’शेजारी ‘फ्यू’ लिहिलं. हे दोन शब्द एकाच आदिम धातूपासून निघाले आहेत, संस्कृतचा ‘भू’ आणि लॅटिन ‘फुई’. फळा पुसायला कोणी तयार नव्हतं.

हा नियम किती गंभीरपणे घेतला जाई याचा एक दाखला मी पुढे जोडला. कोर्नेयच्या ‘ल सिद’ या 1637 च्या नाटकात सरदार म्हणतो, ‘मी त्याचा अपमान केला तेव्हा’, आणि क्रियापद पासे सँप्लमध्ये आहे, ‘फी’. अपमान तर नुकताच, रंगमंचावर झालेला. फ्रेंच अकादमीने नाटकाची जी चिकित्सा केली तीत या ‘फी’वर बोट ठेवलं: कृती आत्ताची, तिथे पासे कोंपोझे हवा. कोर्नेयने नंतरच्या आवृत्तीत ती ओळ बदलली.

तक्त्यात हे कुठेही जाणार नाही, जागाच नाही. तरी आजची बैठक या कामातली सर्वांत समाधानाची.

4 जुलै

‘अँ’चं घर. दोनच क्रियापदं आणि त्यांची पिलावळ: येणं आणि धरणं. व्हँ, तँ. अनेकवचन व्हँर, तँर. पुन्हा येणं, होणं, आठवणं, मिळवणं, टिकवणं हे सगळे त्यांनाच उपसर्ग लावून झालेले. अर्ध्या तासात संपलं.

7 जुलै

सकाळपासून पावसाने झोडपलंय. आज एकसारख्या दिसणाऱ्या रूपांची यादी, आणि सुरुवात अर्थातच ‘इल प्ल्यू’ने. ‘पाऊस पडला’ हेही ‘प्ल्यू’ आणि ‘तो आवडला’ हेही ‘प्ल्यू’. मूळ दोन वेगळी, रूप एक. संदर्भावाचून इलाज नाही.

‘व्ही’ म्हणजे ‘त्याने पाहिलं’, आणि ‘तो जगतो’ हेही ‘व्ही’. ‘द्यूर’ म्हणजे ‘त्यांना करावं लागलं’, आणि ‘ते टिकतात’. ‘व्हीर’ म्हणजे ‘त्यांनी पाहिलं’, आणि ‘ते वळतात’. ‘दी’, ‘री’, ‘फिनी’ ही रूपं तर एकवचनात वर्तमान आणि भूत दोन्हीकडे तंतोतंत एक: ‘तो म्हणतो’ की ‘तो म्हणाला’? गोष्टीत दर संवादामागे हे ‘दी’ येतं. उपाय एकच, शेजारचं क्रियापद बघायचं. शेजारी ‘आला’ असेल तर ‘दी’ म्हणजे ‘म्हणाला’. ही ओळ तक्त्याच्या तळाशी घातली.

13 जुलै, शनिवार

टोपीचा प्रश्न. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’च्या रूपांत स्वरावर टोपी, म्हणजे ‘^’ ही खूण, असते. ‘तुम्ही’ची टोपी म्हणजे जुन्या एसची खूण, एस उच्चारातून गेला, टोपी राहिली. ‘आम्ही’च्या रूपात तसा एस कधी नव्हता, शेजारच्याचं पाहून त्यानेही टोपी घातली. 1990 च्या शुद्धलेखन सुधारणांनी आय आणि यूवरच्या बऱ्याच टोप्या उतरवल्या, या काळातल्या मात्र शाबूत ठेवल्या.

आणि एकवचनात ‘फ्यू’वर टोपी दिसली तर तो पासे सँप्ल नव्हेच, तो अपूर्ण भूतातला संकेतार्थ, ‘असावा’, ‘असता’ अशा अर्थाचा. कानाला फरक शून्य. डोळ्यांनीच ओळखायचा. म्हणून निर्णय बदलला: देवनागरी उच्चार राहील, पण प्रत्येक रूपाचं मूळ रोमन स्पेलिंग त्याच्या वर, मोठ्या टंकात. उच्चार हा आधार, वाचायचं स्पेलिंगच.

18 जुलै

तक्त्याचं काम थांबवून आज एक परिच्छेद मराठीत आणून पाहिला. ओळखता आलं, पण मराठीत त्याचं करायचं काय?

आधी पोथीची वाट धरली. ‘राजा बोलता झाला’, ‘तो निघता झाला’. आपल्याकडे निवेदनाचा, फक्त ग्रंथातच भेटणारा असा भूतकाळ आहे, तर तोच का नको? चार वाक्यांत उत्तर मिळालं. ‘बोलता झाला’ म्हटलं की समोर चौरंग, समई आणि श्रोते येतात. फ्रेंच वाचकाला ‘पार्ला’ वाचून तसं काही होत नाही. त्याला फक्त ‘आता गोष्ट चालू आहे’ एवढं जाणवतं. साधा ‘बोलला’च बरोबर.

पण दुसरीकडे एक खजिना हाती लागला. स्वतःच एक वाक्य रचलं: ‘तो रोज नदीवर येई, दगडावर बसे, पाण्याकडे पाही. एके दिवशी तो आला नाही.’ पहिली तीन क्रियापदं फ्रेंचमध्ये अँपार्फॅ, म्हणजे चालत राहिलेला भूतकाळ. शेवटचं पासे सँप्ल: ‘इल न व्हँ पा’. मराठीत येई, बसे, पाही हा रीतिभूतकाळ बोलण्यातून उठला आहे. आपण ‘यायचा, बसायचा’ म्हणतो. म्हणजे दोन्ही भाषांनी एकेक भूतकाळ पुस्तकात जपून ठेवला. फ्रेंचने एकदाच घडलेल्या गोष्टीचा, मराठीने रोज घडणाऱ्या गोष्टीचा. म्हणून फ्रेंच परिच्छेदात वाङ्मयीन चव ज्या क्रियापदात आहे, मराठीत ती शेजारच्या क्रियापदात घालता येते. ‘आला नाही’ साधंच ठेवायचं आणि ‘येई’ वापरायचं. परिच्छेद तेवढाच भारदस्त होतो, आणि पोथीचा वासही येत नाही.

एक गाठ मात्र सुटत नाही. काम्यूने 1942 च्या ‘लेत्रांझे’मध्ये पासे सँप्ल बाजूला ठेवून जवळजवळ सगळी कादंबरी पासे कोंपोझेमध्ये लिहिली. फ्रेंच वाचकाला पहिल्या पानावरच तो कोरडेपणा टोचला असणार: प्रत्येक वाक्य सुटं, पुढच्याला हात न देणारं. मराठीत दोन्हींचं ‘गेलो’च होतं. तिथे काळ मदतीला येणार नाही. वाक्यांची लांबी, जोडशब्द गाळणं, ‘आणि मग’ टाळणं यावरच भिस्त ठेवावी लागेल.

27 जुलै, शनिवार

छोटी नोंद. काही क्रियापदांना हा काळ नाहीच: दूध काढणं, त्याच घराण्यातली बाहेर काढणं आणि मन रमवणं, शिवाय बंद करणं या अर्थाचं ‘क्लॉर’. लेखकाला दुसरं क्रियापद शोधावं लागतं. वाचणाऱ्याचं यात काही अडत नाही, म्हणून तक्त्यात घेतली नाहीत.

काकांनी चारही घरांचे रंग ठरवले. ‘आ’ हळदीचा, ‘ई’ हिरवा, ‘यू’ निळा, ‘अँ’ विटकरी.

3 ऑगस्ट, शनिवार

तक्ते छापून आले. जाड कार्डावर, दोन्ही बाजूंनी, पोस्टकार्डाहून किंचित उंच. पुढे चार घरं, मागे खिंडारं आणि जुळी रूपं. एकूण बहात्तर क्रियापदं.

चाचणीसाठी मुद्दाम परीकथेचा शेवट आणला होता, जो प्रत्येक फ्रेंच मुलाला पाठ असतो. मुलीने वाचला: ‘इल वेक्यूर अरो ए यूर बोकू दांफां’. कार्डाच्या निळ्या घरावर तिचं बोट दोनदा टेकलं, ‘वेक्यूर’ला आणि ‘यूर’ला. “ते सुखाने जगले, आणि त्यांना पुष्कळ मुलं झाली,” ती म्हणाली. काका लगेच म्हणाले, “साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.”

मग 8 जूनला अडलेलं पान पुन्हा काढलं. मीच वाचलं. ‘इल स त्यूर’पाशी आले तेव्हा कार्ड मांडीवर पालथं होतं, उलटावं लागलं नाही.

दुसऱ्या छपाईत करायचं: ‘कूझी’, शिवलं, हे खिंडारांत राहून गेलंय. आणि ‘व्हँर’चा विटकरी रंग फार गडद आलाय, त्यावरची अक्षरं काकांना दिवेलागणीनंतर दिसत नाहीत.